पुनमचा बस्ता

"या दुकानानं निजाम पाहिला, आणीबाणी पाहिली, टेरिकॉट येताना पाहिलं आणि जाताना पाहिलं. इनायत वस्त्र भांडार म्हणजे मराठवाड्याचा इतिहास आहे. आणि इतिहासाला कुणाला कुलूप लावता येत नाही," असं सरदार सेठ गादीवर बसून म्हणाले.

दुकानाची स्थापना एकोणीसशे अठ्ठावन्नची, त्यामुळे निजामाचं राज्य आणि दुकान यांची गाठ पडणं जरा अवघड होतं. पण सेठ चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि गादी त्यांची होती, म्हणून कुणी काही बोललं नाही. राहता राहिलं कुलूप. ते सेठच्या उजव्या हाताशी, गल्ल्यावर, खोक्यात ठेवलेलं होतं. धाकटा मुलगा फरहान सकाळी लातूरहून येताना घेऊन आला होता.

"आपलं जुनं कुलूप आहे की," थोरला हारिस म्हणाला होता.

"ते रात्रीपुरतं होतं भाईजान. हे कायमचं आहे."

हिमायतनगरची शाखा बंद झाली तेव्हा घरात कुणाला फारसं वाईट वाटलं नव्हतं, कारण तिथे आपली शाखा आहे हेच निम्म्यांना आठवत नव्हतं. मग औसा गेली. मग देगलूर गेली. गेल्या महिन्यात लातूरच्या गंजगोलाईतली गेली, आणि आता उरलं होतं नांदेडच्या वजिराबादेतलं हे थोरलं दुकान. तीन मजले, एक जिना आणि खाली ही गादी. नीटचे क्लास चालवणाऱ्या एका सरांना ही इमारत हवी होती. जिथे शालू होते तिथे त्यांना बायॉलॉजी शिकवायचं होतं. हो की नाही, ते ऐकायला सर आज संध्याकाळी पाच वाजता येणार होते.

सेठच्या घरात दखनी बोलली जायची आणि दुकानात मराठी. भांडण ज्या उंबऱ्याच्या आत सुरू होईल त्या उंबऱ्याची भाषा, असा रिवाज पडून गेला होता. आजचं भांडण दुकानात सुरू झालं म्हणून ते मराठीत चाललं होतं, आणि त्यामुळे जरा दबक्या आवाजातही. गिऱ्हाइकासमोर आवाज चढवायचा नाही ही सेठच्या अब्बांची, इनायतमियांची शिकवण होती. गिऱ्हाईक नसतानाही ती पाळली जाई. अलीकडे तशी पाळायला संधीही भरपूर मिळत होती.

हारिसचं म्हणणं होतं, चालू ठेवायचं. फरहानचं म्हणणं होतं, बंद करायचं. दोघांच्या मधली बहीण नाझनीन देगलूरहून पहिल्या बसने आली होती. देगलूरचं दुकान तिचा नवरा चालवायचा आणि ते बंद करायचं फरहाननं ठरवलं होतं, तेव्हापासून तिचं म्हणणं ठरलेलं होतं: फरहान जे म्हणेल ते सोडून बाकी काहीही चालेल. म्हणजे मतं दोनास एक. अम्मी, कमरुन्निसा, पानाचा डबा उघडून सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"पाच वाजेपर्यंत बघू," सेठ म्हणाले. "लोकच सांगतील काय करायचं ते."

लोक सकाळपासून सांगतच होते.

ही बातमी घरातून बाहेर गेली नव्हती, बाहेरून घरात आली होती. क्लासच्या सरांनी हो किंवा नाही ऐकायच्या आधीच चौकात मोठा फलक लावला होता: लवकरच येत आहे, इनायत वस्त्र भांडारच्या जागी. त्या दिवसापासून दुकानात अशी गर्दी लोटली होती की हारिसला वाटलं, ही माणसं गेली काही वर्षं नांदेडमध्ये राहत होती तर मग कपडे घालत होती की नाही.

आज पहिले आले ते निवृत्त मास्तर अण्णाराव. त्यांनी पायरीला हात लावला, तोच हात छातीला लावला आणि गादीच्या कडेला बसले.

"हारिसशेठ, माझ्या लग्नातला सफारी इथला."

"हो सर."

"करड्या रंगाचा."

"हो सर."

"तसं कापड पुन्हा झालं न्हाई."

त्यानंतर सरांनी कापड घेतलं कुठून, हे हारिसला विचारायचं होतं. पण सरांच्या अंगात मुलानं पुण्याहून पाठवलेला टीशर्ट होता, त्यावर इंग्रजीत काहीतरी उमेद वाढवणारं लिहिलेलं होतं, आणि तो वाचल्यावर हारिसला विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"ही संस्कृतीची हानी हाय," सर म्हणाले. "सरकारनं कायतरी करायला पाहिजे." तेवढ्यात चहा आला. सरांनी घोट घेतला आणि सरकारला बाजूला ठेवून म्हणाले, "साखर जरा जास्त पडली."

मग धोंडाबाई आल्या. त्यांनी मागच्याच्या मागच्या दिवाळीत नेलेला ब्लाउजपीस परत आणला होता.

"रंग गेला का मावशी?"

"न्हाई गा. रंगाला काय धाड भरली. माझंच मन भरलं. आता तुमी बंद झाल्यावर मी बदलायला कुणाकडं जाऊ?" आणि त्या खरोखर रडू लागल्या. हारिसनं पीस बदलून दिला. जाताना त्यांनी डोळे पुसले आणि पिशवी मागितली.

पिशवी सगळेच मागत. इनायतची पिवळी कापडी पिशवी, तिच्यावर लाल अक्षरं. जिल्ह्यात दवाखान्यात डबा जायचा तो त्या पिशवीतून, शेतात बी जायचं ते त्या पिशवीतून, एसटीच्या सीटवर जागा धरायला खिडकीतून आत पडायची तीही तीच. तिला मरण नव्हतं. कापडाला येणारी माणसं कमी होत गेली, पिशवीला येणारी वाढत गेली.

एक गृहस्थ तर गाडीवरून उतरलेच नाहीत. दुकानापुढे गाडी उभी करून दाटल्या गळ्यानं म्हणाले, "शेठ, वर्षानुवर्षं मी इथंच गाडी लावतो. समोर बँकेत जायचं, गाडी इथं. तुमच्या माणसानं एकदाबी हाकललं न्हाई. हे क्लासवाले लावू देतेत का आता?"

"सांगता येत नाही," हारिस म्हणाला.

"बघा, म्हणजे असं होतं," गृहस्थ म्हणाले. त्यांनी गाडी तिथेच लावली आणि बँकेत गेले.

हारिस आत आला. जिन्याखाली महादेवप्पाचं मशीन चालू होतं. हा उदगीरकडचा, निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलायचा आणि साड्यांना फॉल-पिको करून द्यायचा. दुकानात खरं काम होतं ते त्या एकट्याला. बाया साडी कुठूनही घेत, फोनवरून मागवत, पण फॉल लावायला इनायतच्या जिन्याखालीच येत. हारिसला कधी कधी वाटायचं, आपण महादेवप्पाच्या मशीनला ऊन लागू नये म्हणून वर तीन मजले बांधून ठेवलेत.

हे त्यानं कुणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं. थोरल्या मुलानं बोलून दाखवायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

फरहान सकाळपासून दाराशी उभा राहून हे सगळं बघत होता आणि त्याच्या मनात काहीतरी बिघडत चाललं होतं.

लातूरला कुणी रडलं नव्हतं.

लातूरचं दुकान त्यानं फार हुशारीनं बंद केलं होतं. रिक्षावर भोंगा लावून सगळ्या गावात फिरवला होता: कायमचे बंद, कायमचे बंद, एकावर एक. लोक आले, दोन दिवसांत फळ्या मोकळ्या करून गेले. पुढच्या आठवड्यात त्याच गंजगोलाईत एका बाईनं त्याला थांबवून विचारलं होतं, "आता परत कधी कायमचं बंद करणार?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती चौकशी होती. आणि इथे भाईजानच्या दुकानात लोक पायरीला हात लावून राहिले होते.

"अब्बा," तो गादीवर येऊन बसला, "माझं मत जरा बदलून राहिलंय."

"कशाबद्दल?" नाझनीननं लगेच विचारलं.

"लोकांचं एवढं प्रेम आहे. आपण उगाच घाई करून राहिलोत. आपण जुनेपणाच विकायला पाहिजे. ही गादी, हे लोड, हा चहा. लातूरची पोरं फोटो काढायला येतील इथं."

"फोटो सकाळपासून काढूनच राहिलेत," हारिस म्हणाला. "घेऊन काय राहिलेत ते सांग."

"भाईजान, तूच तर म्हणत होतास चालू ठेवायचं."

हारिसनं वडिलांकडे पाहिलं. सेठ अण्णाराव सरांना दाराशी निरोप देत होते. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तू बंद करायला लावशील या भरवशावर म्हणत होतो. तू असा ऐन वेळी फिरशील हे मला काय माहीत. मी पन्नाशीला आलो फरहान. मला गुडघे आहेत."

"गुडघे सगळ्यांनाच असतात."

"तुझे खुर्चीवरचे आहेत. माझे गादीवरचे आहेत."

नाझनीन दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला फार वेळ लागला नाही. "म्हणजे फरहान आता चालू म्हणतो. बरं. मग माझं मत बंद."

पुन्हा दोनास एक झालं. माणसं तीच, बाजू उलटी. कमरुन्निसांनी सुपारीचं खांड अडकित्त्यात धरलं आणि काही न बोलता कातरलं.

फोन आला तो बाराच्या सुमाराला. सेठना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा फोन नेहमी सगळ्या दुकानाला ऐकू यायचा.

"सेठ, रामराम. किशन बोलतो, औशाहून."

औशाजवळच्या किशनरावांना या घरात ओळख करून द्यावी लागत नसे. त्यांची सासुरवाडी हिमायतनगरची, म्हणून त्यांच्या लग्नाचा बस्ता नांदेडला, इनायतमियांच्या हातून बांधला गेला होता. नवरदेवाच्या फेट्यापासून शेवटच्या मावशीच्या लुगड्यापर्यंत सगळ्या लग्नाचं कापड एका दिवशी, एका गादीवर बसून घ्यायचं, याला बस्ता म्हणतात. तो बांधायला जे घर येईल त्याला इनायतमध्ये जेवू घालायची पद्धत होती. किशनरावांच्या घरासाठी कमरुन्निसांनी वेगळी भांडी ठेवली होती आणि ती वर्षानुवर्षं फक्त त्यांच्याच बस्त्याला निघत.

"चौकातली पाटी आमच्या शिवमनं फोनवर दाखवली," किशनराव म्हणत होते. "तवापसून मन लागंना. आज सगळं घर घेऊन येतो."

"या, या. पुनमचं ठरलं म्हणे?"

"ठरलं की. पुढच्या महिन्यात बार उडवायचा."

"मग तर यायलाच पाहिजे."

"यायलाच पाहिजे. एवढा घरोबा, आन अशा वक्ताला न्हाई यायचं तर कवा यायचं? आन हे बघा, जेवायचं काई करू नका. डबा आमी आणतो."

सेठनी फोन खाली ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की फरहाननं लगेच वडिलांचा चहा नव्यानं मागवला.

"ऐकलंत?" सेठ म्हणाले. "किशनरावांचा बस्ता माझ्या अब्बांनी बांधला. त्यांच्या पोरांचे मी बांधले. आता नातीचा हारिस बांधील. तीन पिढ्यांचा बस्ता ज्या गादीवर येतो ती गादी उठत नाही. पाच वाजता क्लासवाल्याला सांगायचं, नाही. आता यावर बोलायचं नाही कुणी."

तरीही हारिस एक बोललाच. "अब्बा, बस्त्याला येणारं गिऱ्हाईक डबा घेऊन येतं का?"

"माणुसकी आहे ती. आपला जरा पडता काळ आहे, तुझ्या अम्मीला त्रास नको म्हणून."

कमरुन्निसांचा अडकित्ता थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणावं असं त्यांना वाटलं. पण इतक्या दिवसांनी हा माणूस लोडाला टेकून सरळ बसला होता. त्यांनी पान जुळवायला घेतलं.

मग धावपळ सुरू झाली. वरच्या मजल्यावरून शालू खाली आले, पैठण्या आल्या, फेट्यांची थप्पी आली. आता फक्त गादीची चादर बदलायची होती, कारण तिच्यावर सकाळपासून निम्म्या नांदेडनं दुःख केलं होतं आणि चहा सांडला होता.

त्याच वेळी दारात हेल्मेट घातलेला एक माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या हातात पुडकं होतं.

"कमरुन्निसा मॅडम कोण?"

दुकानातली सगळी माणसं वळली. गादीवरच्या दोन बाया, ज्या नुकत्याच ऑनलाइनवाल्यांनी बाजार कसा बुडवला ते सांगत होत्या, त्याही वळल्या.

"मी," अम्मी म्हणाल्या. त्यांनी चष्मा आधीच लावलेला होता. ओटीपी त्यांनी न अडखळता वाचून दाखवला. हाताला सराव असल्याचं दिसत होतं.

"काय आहे त्यात?" सेठनी विचारलं.

"चादर."

"कुठली चादर?"

"गादीची. ही विटली ना."

"आपल्या दुकानात चादरी नाहीत?"

"या मापाची ठेवत नाही म्हणाला हारिस. मग नाझनीननं मागवून दिली."

सेठनी हारिसकडे पाहिलं. हारिसनं नाझनीनकडे पाहिलं. नाझनीननं फरहानकडे पाहिलं, कारण तिची ती सवयच होती. "मी काय केलं?" फरहान म्हणाला.

शेवटी सेठनीच मार्ग काढला. त्यांनी चादरीचं टोक अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळलं, आणि नाइलाजानं म्हणाले, "कापड चांगलं आहे. अंथरा."

किशनरावांच्या दोन गाड्या तीनच्या पुढे आल्या.

कमरुन्निसा दारापाशीच होत्या. किशनरावांच्या घरचा बस्ता म्हणजे काय असतं ते त्यांना चांगलं माहीत होतं. गाडीचं दार उघडायच्या आधी आवाज बाहेर यायचा. पोरं आधी पळत शिरायची, बाया पायरीवरच रंगावरून भांडायला लागायच्या, आणि किशनराव सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणायचे, "आधी चा सांगा, मग लूट चालू करा."

आज गाड्यांची दारं हळू उघडली. माणसं एकेक करून उतरली. कुणी बोलत नव्हतं. पुरुषांनी चपला एका बाजूला नीट ओळीत काढल्या आणि खाली मान घालून गादीवर येऊन बसले. नवरी मुलगी पुनम दिसत नव्हती. बायांनी डोक्यावरचा पदर जरा पुढे ओढला होता. साखराबाई, किशनरावांची बायको, कमरुन्निसांच्या जवळ आल्या, त्यांच्या गळ्यात पडल्या आणि हुंदका देऊन म्हणाल्या, "भाबी, कसं झालं वो हे."

कमरुन्निसांनी घाईघाईनं आपली माणसं मोजली. सेठ गादीवर होते. मुलगे दोन्ही होते. नाझनीन होती. घरात कोण वारलं ते आपल्याला कुणी सांगितलंच नाही की काय, असं त्यांना क्षणभर वाटलं.

गादीवर हारिसनं रीतीप्रमाणे पहिला शालू उलगडला. हातभर उंच उडवून तो अलगद खाली सोडायचा, ही इनायतची खास पद्धत होती. लाल शालू हवेत गेला आणि नव्या पांढऱ्या चादरीवर पसरला. कुणी हात लावला नाही. किशनरावांनी त्याची कड हळूच बाजूला सारली.

"राहू दे लेकरा," ते म्हणाले. "आज कशाला."

मग डबे आले. नाझनीननं झाकण उघडलं. पिठलं आणि भाकरी होती.

नाझनीननं अम्मीकडे पाहिलं. अम्मींच्या मोहल्ल्यातही मय्यतीच्या घरी तीन दिवस चूल पेटत नसे आणि शेजारी जेवण आणून देत. पदार्थ वेगळा असायचा, झाकण उघडणाऱ्याचा चेहरा हाच. आता त्यांना सगळं समजलं, आणि समजल्यावर त्यांचे डोळे पहिल्यांदा सेठकडे गेले. सेठना अजून समजलं नव्हतं. ते हसऱ्या चेहऱ्यानं फेट्यांची थप्पी जवळ ओढत होते.

किशनराव उठले. त्यांनी मागच्या माणसाकडून एक चकचकीत काळी पिशवी घेतली, तिच्यातून टॉवेल काढला आणि सरदार सेठच्या खांद्यावर घातला. मग पांढरी टोपी काढली. सेठच्या डोक्यावर त्यांची विणलेली जाळीची टोपी होतीच. किशनरावांनी थोडा विचार केला आणि आपली टोपी सेठच्या हातात दिली. साखराबाईंनी पिशवीतली साडी काढून कमरुन्निसांच्या मांडीवर ठेवली.

"हे काय किशनराव?" सेठनी विचारलं.

"दुखवटा," किशनराव म्हणाले. "आमच्यात घरचं माणूस गेलं की सोयरे टावेल-टोपी घालतेत. तुमचं दुकान गेलं म्हंजी आमच्या घरचंच माणूस गेलं. रिकाम्या हातानं कसं यावं?"

साखराबाई पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांच्या लग्नाचं लुगडं या गादीवर निवडलं होतं तेव्हा त्या आईच्या मागे लपून बसल्या होत्या, आणि इनायतमियांनी त्यांना विचारलं होतं, बेटा, तुला कुठला रंग आवडला. तोपर्यंत त्यांना तसं कुणी विचारलं नव्हतं. हे त्या दर बस्त्याला सांगायच्या. आज सांगता सांगता मध्येच थांबल्या. रडणं अगदी खरं होतं.

सेठनी हातातली टोपी फेट्यांच्या थप्पीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "किशनराव, आणि पुनमचा बस्ता?"

गादीवर सगळे खाली बघायला लागले.

"झाला की," किशनराव म्हणाले. "मागल्या महिन्यात. लातूरला, मॉलमधी. पोरायनं ऐकलं न्हाई. सरकता जिना हाय म्हणले. थंडगार हवा हाय. मी म्हणलो, नांदेडला जाऊ. तर म्हणले, आजोबा, तुमी जा, आमी येतो मागून." ते थांबले. "मीबी गेलो मग त्यायच्या संगं. जिन्यावर मला शिवमनं धरून नेलं."

"पुनम का नाही आली?"

"लाजली सेठ. तुमच्या पुढं यायचं तोंड न्हाई म्हणली."

सेठचा हात खांद्यावर गेला. सगळं आयुष्य ज्या हातानं कापड तपासलं तो हात, सेठना न विचारता, टॉवेलची कड चोळू लागला होता.

"हाही तिथलाच?"

किशनराव खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. "तिथलाच. बस्त्यावर फुकट आला व्हता." मग त्यांना वाटलं की हे बरोबर झालं नाही, म्हणून घाईनं म्हणाले, "साडी फुकट न्हाई. साडी इकत घेतली."

फरहान मान फिरवून रस्त्याकडे बघू लागला. ज्या गोष्टीसाठी त्याला सकाळपासून हेवा वाटत होता ती गोष्ट भाईजानच्या वाट्याला पुरेपूर आली होती, आणि आता ती त्याला नको होती. हारिस शालूची घडी घालत होता. ती त्याला नीट जमत नव्हती. मनासारखं झालं की माणसाला बरं वाटतं अशी त्याची समजूत होती. नाझनीन पुढे झाली आणि तिनं शालूचं दुसरं टोक धरलं. फरहाननं मधलं धरलं. तिघांनी मिळून घडी घातली.

"अब्बा," फरहान अगदी हळू म्हणाला, "तुम्ही म्हणाल तर चालू ठेवू. यांना सांगू, बंद नाही होत म्हणून."

सेठनी खांद्यावरच्या टॉवेलकडे पाहिलं, पिठलं-भाकरीकडे पाहिलं, ओळीत काढलेल्या चपलांकडे पाहिलं. एवढ्या लांबून माणसं आली होती.

"नाही बेटा," ते म्हणाले. "दुखवटा घेतल्यावर मेलेल्यानं उठून बसणं बरं दिसत नाही."

कमरुन्निसांनी मांडीवरची साडी उलगडून बघितली. गर्द हिरवी होती. "रंग छान आहे," त्या साखराबाईंना म्हणाल्या. सकाळपासून त्यांनी दिलेलं हे पहिलं मत होतं आणि त्यावर कुणी वाद घातला नाही.

सगळ्यांनी भाकरी खाल्ली. रीतीप्रमाणे थोडी थोडीच खायची होती, पण पिठलं चांगलं झालं होतं.

पाच वाजता क्लासचे सर आले. दारात आल्यावर त्यांना पांढऱ्या चादरीवर मान खाली घालून बसलेली माणसं दिसली, पदर ओढलेल्या बाया दिसल्या, सेठच्या खांद्यावरचा टॉवेल दिसला. सरांनी चपला काढल्या, हात जोडले आणि हारिसच्या कानाशी लागून विचारलं, "कोण गेलं?"

"या सर," सेठच म्हणाले. "बसा. घरचंच."

मग ते उठून उभे राहिले. फरहान आधार द्यायला पुढे झाला, त्याला त्यांनी नको म्हणून खूण केली. गल्ल्यावरचं खोकं उघडून त्यांनी पितळी कुलूप बाहेर काढलं आणि तळहातावर ठेवलं. महादेवप्पानं मशीन थांबवलं.

"माझ्या अब्बांनी ही गादी घातली तेव्हा या गल्लीत दिवा नव्हता," सेठ म्हणाले. "कंदील लावून कापड दाखवायचे. म्हणायचे, आपण कापड विकत नाही सरदार, आपण लोकांच्या घरचा आनंद मोजून देतो. तो आम्ही मोजून दिला. कुणाला गजभर कमी दिला नाही. नांदेडला दिला, लातूरला दिला, औशाला, देगलूरला, हिमायतनगरला दिला. आता लोकांना तो दुसरीकडे मिळतो. मिळू दे. इमारत तुमची सर. इनायत वस्त्र भांडार आज बंद झालं."

सरांचेही डोळे भरून आले आणि त्यांनी ते रुमालानं टिपले. किशनराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. बाहेर रस्त्यावर गाड्या चालू होत्या, पण आत असं शांत झालं होतं की वरच्या मजल्यावरचा पंखा ऐकू येत होता.

साखराबाईंनी नाक पुसलं, पदर सारखा केला आणि कमरुन्निसांच्या जवळ सरकल्या.

"भाबी," त्या म्हणाल्या, "कुलूप लावायच्या आधी एक करता का? पुनमच्या साड्या गाडीतच हायत. महादेवप्पाला सांगून तेवढा फॉल लावून द्या की. मॉलवाले लावत न्हाईत."